इन्सुलिन कारखान्यात नेमकं कसं बनवतात?

सूक्ष्मजीवांकडून करवून घेतात! पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ साली अमेरिकेत जेनेनटेक कंपनीने मानवी इन्सुलिनचा जनुकीय संदेश ई. कोलाय जिवाणूत बसवला. १९८२ मध्ये ते औषध मंजूर झालं. आता यीस्टही वापरतात, हो, पाव फुगवणारंच.

स्टीलच्या टाक्यांत साखर, हवा आणि नेमकं तापमान दिलं की हे जीव भराभर वाढतात. खरी डोकेदुखी पुढे. जिवाणू फोडल्यावर इन्सुलिनचं प्रथिन गुठळ्या झालेलं मिळतं. ते उलगडून त्याची नीट घडी बसवायची, मग क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने, पुन्हापुन्हा शुद्ध करायचं. माझ्या मते सगळी कसोटी इथेच लागते. गोळी करून गिळलं तर पोटात पचून जातं, म्हणून इंजेक्शन.