‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ : जोर कोणत्या शब्दावर?

पुण्याच्या कॅम्पातल्या एका चर्चमध्ये स्मरणसभेला गेलेल्या वाचकाने विचारलं आहे : ‘माणूस कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, असं तिथे ऐकलं. नीतिमान म्हणजे नीतीने वागणारा. मग नुसत्या विश्वासाने कोणी नीतिमान कसा होईल? आणि इथे विश्वासामुळे हवं होतं का?’

प्रश्नात एक क्रियापद गुपचूप बदललंय. ऐकलं ‘ठरतो’, विचारलं ‘होईल’. गोम तिथेच आहे. बहुतेक जण ‘नीतिमान’पाशी अडखळतात, पण वाक्याचा भार ‘ठरणे’वर आहे. हे म्हणणं मांडलं ते बायबलच्या नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणाऱ्या पौलाने, आणि त्याने वापरलेलं ग्रीक क्रियापद न्यायालयातलं : एखाद्याच्या बाजूने निकाल देणं. ‘आरोपी दोषी ठरला’ या वाक्यात ठरल्यामुळे त्याचा स्वभाव बदलत नाही, त्याची न्यायालयापुढची स्थिती बदलते. तसंच हे.

मग सरळ ‘निर्दोष ठरणे’ का नाही? कारण नुसती सुटका एवढाच अर्थ नाही. आपल्या ‘रोमकरांस पत्रा’च्या चौथ्या अध्यायात पौल जुन्या करारातल्या अब्राहामाचा दाखला देतो : त्याने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या बाजूला नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं. हे ‘गणणं’ हिशेबाच्या वहीतलं आहे. नावावरची बाकी माफ झाली, इतकंच नाही. वर रक्कम जमाही झाली.

पुण्याला ठरणं-ठरवणं नवं नाही म्हणा. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे-टिळकांसह बड्याबड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, झालं. सनातनी मंडळींच्या लेखी प्रायश्चित्ताशिवाय शुद्ध ठरण्याची सोय नव्हती. तिथे आधी विधी, मग निकाल. पौलाचा क्रम उलटा : निकाल आधी, सत्कर्मं त्याच्यामागून.

आता ‘-ने’. मराठीत ‘पावसाने पीक गेलं’ यात कारण आहे, ‘विळ्याने कापलं’ यात साधन. ‘विश्वासाने’ हे विळ्याच्या जातीचं. ‘विश्वासामुळे’ म्हटलं की विश्वास हीच एक कमाई होऊन बसते आणि देव तिचा मोबदला देतो असं वाटतं, जे या सिद्धान्ताला मुळीच मान्य नाही. कारण म्हणजे देवाची कृपा. विश्वास ती घेणारा हात. मराठी बायबलात इफिसकरांस पत्रात ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे’ अशी फोड केली आहे, ती मला फार नेमकी वाटते. तेव्हा ‘विश्वासाने’ हेच बरोबर.

‘ठरणे’ आणि ‘होणे’ यांवरून मात्र युरोपात खरोखरच भांडण झालं. प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन लूथर याच्या परंपरेने ‘ठरवणे’ धरून ठेवलं. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत म्हटलं की देव माणसाला नीतिमान नुसता ठरवत नाही, आतून करतोही. १९९९ मध्ये लूथरन आणि कॅथलिक या दोघांनी मूळ मुद्द्यांवर एकमत झाल्याचा संयुक्त जाहीरनामा केला. तरी बारकावे उरलेच. पुण्यात नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप या कॅथलिक विद्यापीठात आणि बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरी या प्रॉटेस्टंट संस्थेत हा प्रश्न विचारलात, तर उत्तरातला जोर थोडा वेगवेगळ्या ठिकाणी पडेल.

लूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात ‘रोमकरांस’ ३:२८ मध्ये ‘केवळ विश्वासाने’ असं केलं. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी ‘केवळ’ नाही. उलट नव्या करारातल्याच याकोबाच्या पत्रात (२:२४) चक्क म्हटलंय की माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो. क्रियापद तेच, दाखलाही अब्राहामाचाच! प्रॉटेस्टंट भाष्यकार यातून जी वाट काढतात, ती इंग्रजीपेक्षा मराठीत चटकन कळते. आपल्याकडे ‘ठरणे’चे दोन अर्थ रोजच्या बोलण्यात आहेत. ‘तो निर्दोष ठरला’ म्हणजे तसा निकाल लागला. ‘अंदाज खरा ठरला’ म्हणजे तसं प्रत्यक्ष दिसून आलं. त्यांच्या मते पौलाचं ‘ठरणे’ पहिलं आणि याकोबाचं दुसरं.