हाड सांधलं, मग पाय का वाळतोय?

मार्चच्या मध्यावर कागलकडचे एक मेंढपाळ मामा टेम्पोच्या हौद्यात पोतं अंथरून त्यांच्या कुत्र्याला, काळ्याला, घेऊन माझ्याकडे कोल्हापूरला आले. जानेवारीत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून त्याच्या मागच्या डाव्या पायाची नडगी मोडली होती. सहा आठवडे प्लास्टर होतं. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, प्लास्टर निघालं, त्यालाही तीन आठवडे होऊन गेले होते.

"बाई, हाड सांधलं म्हणत्यात. मग ह्यो पाय वाळतोय कशानं? कायमचा गेला का काय?"

कुत्र्याचा पाय मोडलेल्या प्रत्येक घरातून हा प्रश्न येतो. लॅब्रॅडॉरवाल्या बंगल्यातून येतो तसाच मेंढरांच्या वाड्यावरूनही येतो. फरक इतकाच, की बंगल्यातला कुत्रा लंगडला तरी त्याच्या भाकरीवर गदा येत नाही. मामा मात्र थोडं थांबून हळूच म्हणाले, "दुसरं पिल्लू धरावं म्हंतोय पोरगा."

काळ्या चार वर्षांचा, 24 किलोचा. रात्रभर कळपाभोवती फिरायचं आणि उसातून काही हललं की आधी भुंकायचं, मग धावायचं, हे त्याचं काम. तपासताना मी पहिल्यांदा त्याच्या डाव्या पायाचा पंजा उलटा करून, वरची बाजू जमिनीला लावून ठेवला. त्यानं तो क्षणात सरळ केला. बोटं चिमटल्यावर पाय ओढून माझ्याकडे रागानं पाहिलंही. मला हायसं वाटलं. नस दुखावली असेल तर पंजा तसाच उलटा राहतो, चालताना बोटं घासतात आणि मांस फार झपाट्यानं उतरतं. ती गोष्ट वेगळी, तिचा इलाजही वेगळा. काळ्याचं तसं काही नव्हतं. त्याचा पाय न वापरल्यानं वाळला होता.

"पर वापरला का न्हाई? प्लास्टर तर काढलं की."

"तीन आठवडे काय करत होता हा?"

"खुंटीला बांधून हुता. तुमीच फोनवर म्हणला हुता, आराम द्या."

म्हटलं होतं खरं. माझ्या मनातला आराम म्हणजे पळणं, उड्या आणि भांडणं बंद. मामांच्या कानावर पडलेला आराम म्हणजे दावं आणि खुंटी. तेव्हापासून मी फोनवर 'आराम' हा शब्दच वापरत नाही. किती मिनिटं चालवायचं, तेवढंच सांगते.

स्नायू वापरात नसला की काही दिवसांतच उतरायला लागतो. पण अशा वेळी त्यातले तंतू मरत नाहीत, बारीक होतात. दोराचे पीळ तुटलेले नसतात, नुसते सैल पडून रोडावलेले असतात. म्हणून तो भरतो. फक्त उतरायला जेवढे आठवडे लागले त्याच्या कितीतरी पट भरायला लागतात. शिवाय हाड आपोआप सांधतं, मांस आपोआप येत नाही. त्याला काम द्यावं लागतं.

कुत्र्याची अडचण अशी की त्याला चार पाय आहेत. शरीराचं सुमारे 60 टक्के वजन तो पुढच्या दोन पायांवरच पेलतो, मागच्या एकेका पायाच्या वाट्याला 20 टक्क्यांच्या आसपास येतं. एवढंसं वजन इकडचं तिकडं ढकलायला त्याला काहीच वाटत नाही. पळायला लागला की तर दुखरा पाय सरळ उचलून धरतो आणि तीन पायांवर सुसाट जातो. मालक खूश, पाय मात्र उपाशी! हळू चालवलं तरच त्याला चौथा पाय टेकावा लागतो.

हे सांगितलं तशी मामांची कळी खुलली. "म्हंजी मेंढरांच्या चालीनं."

याहून नेमका शब्द मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. दाव्याला धरून, मेंढरू चरत चरत सरकतं त्या गतीनं, दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त लंगडला तर आदल्या आठवड्यावर परत यायचं.

मग माप. मांडीचा घेर मोजायला मी शिंप्याची टेप वापरते. मांडीच्या लांबीचे दहा भाग धरले तर वरून सातव्या भागाशी, कुत्रा उभा असताना, टेप न आवळता. उजवी मांडी 36 सेंटिमीटर भरली, डावी 29. दर वेळी त्याच जागी मोजायचं हीच खरी गोम, दोन बोटं खालीवर झालं की माप खोटं. मी पेन शोधत होते, तोवर मामांनी पिशवीतून लोकर कापायची कातर काढली आणि दोन्ही मांड्यांवर केसांची एकेक बारीक रेघ अशी सफाईनं उतरवली की बघत राहावं.

मधल्या गोष्टी भराभर सांगते. वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावायच्या जाळीच्या, काठ्या जमिनीवर हातभर अंतरानं आडव्या टाकून त्यावरून चालवणं. महिन्यानंतर बांधाच्या चढावर. ओढ्याच्या पाण्यातून चालवणं तर फारच छान, कारण पाणी कुत्र्याच्या खुब्यापर्यंत आलं की पायांवर त्याच्या वजनाचा साधारण 38 टक्के भारच उरतो. जखम पुरती भरलेली असेल तरच मात्र. तेल चोळल्यानं मांस येत नाही. मामा रोज चोळत होते, मी मोडता घातला नाही, चालवण्याआधी पाय ऊब धरतो तेवढा फायदा आहे. खाण्यात नुसत्या भाकरीवर मांस चढत नाही, म्हणून रोज एक उकडलेलं अंडं. आपल्याकडं रश्शातली हाडं प्रेमानं घालतात, ती नकोत. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं, आणि कांदा-लसूणही कुत्र्याला बाधतो.

एका गोष्टीवर मात्र मी आवाज चढवला. घरात गुडघेदुखीच्या गोळ्या होत्या, त्यातली अर्धी काळ्याला दोनदा दिली होती. डायक्लोफेनॅक. माणसाच्या या गोळीनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. जनावरांना दिलेल्या याच औषधानं त्यांची मढी खाणारी गिधाडं मेली आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मामांना गिधाडं आठवत होती. "तरीच दिसंना झाली," म्हणाले आणि गप्प बसले.

जाताना त्यांनी विचारलं, "माप घ्यायला दर येळी कोल्हापूरला यायचं का?" मी म्हटलं, महिन्यातून एकदा या. मधल्या दिवसांत एक पाहत चला, मुतताना कुठला पाय वर करतो. आत्ता तो दुखरा पाय उचलतो, कारण उचलायला तोच मोकळा आहे.

मामा इतके हसले की काळ्या उठून उभा राहिला. तीन पायांवर.

एप्रिलअखेर डावी मांडी 31 झाली. मधे आठ दिवस वाया गेले. पोरानं हौसेनं मोकळा सोडला, तो दुसऱ्या कुत्र्यामागं पळाला आणि पुन्हा पाय उचलून बसला. आम्ही पाच मिनिटांवर परत आलो. मेअखेर 33. उजवीइतकी होईल असं मी मामांना कधीच म्हटलं नाही. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पुष्कळ कुत्र्यांत राहून जातो आणि काम अडत नाही. पळत्या जनावरामागं जाणं कदाचित कमी होईल, भुंकणं कमी होणार नाही. पिल्लू आणायचं ते आणा, काळ्याच्या हाताखाली शिकेल, एवढंच सुचवलं.

जूनमध्ये पावसाच्या आधी कळप पूर्वेकडं निघाला. काळ्या सकाळचा टप्पा चालत आणि दुपारचा टेम्पोत, असं ठरलं होतं. मिरजेच्या पुढून कुठून तरी पहाटे साडेपाचला फोन आला. मागं मेंढरांचा गलका. माझ्या पोटात गोळा आला.

"बाई, झोपला हुता का? काळ्यानं आत्ता बाभळीवर पाय वर केला."

"कुठला?"

"उजवा."