आयर्लंडचे फिरस्ते

प्रश्न : माझा मुलगा गॉलवेला नोकरी करतो. रस्त्याकडेला कॅराव्हॅनमध्ये राहणाऱ्या लोकांबद्दल शेजारी त्याला म्हणाले, ‘या जिप्सींपासून चार हात लांब राहा.’ हे भारतातून गेलेल्या जिप्सींपैकीच का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. जिप्सी म्हणजे रोमा, त्यांची मुळं भारतात. रस्त्याकडेचे हे लोक म्हणजे ‘ट्रॅव्हलर’, ते मात्र मूळचे आयरिशच; २०१७ सालच्या जनुकीय अभ्यासातही तेच दिसलं. त्याच वर्षी १ मार्चला पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली. किती उशिरा!

यांचा पिढीजात धंदा पत्र्याचा. शेतकऱ्याच्या अंगणात बसून दुधाची भांडी, बादल्या, पेले बनवायचे, भोक पडलेल्या भांड्याला डाग लावून द्यायचे. बायका टोपली घेऊन दारोदार फिरायच्या. टोपलीत सुया, दोरे, कंगवे, देवाच्या तसबिरी, कागदाची फुलं. मोबदला बटाटे, पीठ, दूध, नाहीतर जुने कपडे. आमच्या नौपाड्यातल्या चाळीत कल्हईवाला यायचा तसंच हे. भाता चालू झाला की आम्ही पोरं भोवती कोंडाळं करायचो. तापल्या पातेल्यात नवसागर पडायचा, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी फिरायची आणि कापसाच्या बोळ्याच्या एका हातासरशी काळं पातेलं चांदीसारखं व्हायचं. त्याला दारातून हाकलल्याचं मला आठवत नाही. त्याची गरज होती ना!

तिकडेही गरज होती तोवर निभावलं. मग प्लॅस्टिक आलं, ट्रॅक्टर आले. पत्र्याचं काम, घोड्यांचा व्यापार, हंगामी मजुरी, सगळ्यालाच ओहोटी लागली. १९६३ च्या सरकारी आयोगाने तर या लोकांनाच ‘समस्या’ ठरवलं आणि स्थिर समाजात सामावून टाकणं हा उपाय सुचवला. २००२ च्या कायद्याने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत कॅराव्हॅन लावणं हा फौजदारी गुन्हा झाला. ज्यांचं घरच चाकांवर, त्यांनी थांबायचं कुठे? पुरेसे अधिकृत तळ द्यायचे नाहीत आणि वर त्यांनाच दोष द्यायचा, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ पर्यंत पुसला नाही. त्यामुळे शेजाऱ्यांचं ते वाक्य आपल्याला तरी नवं नाही.

मुलाला सांगा, ऑक्टोबरात गॉलवे परगण्यातच बॅलिनस्लोला घोड्यांची मोठी जत्रा भरते, तिथे जाऊन ये. ट्रॅव्हलर कुटुंबं तिथे येतात. त्यांना ‘टिंकर’, म्हणजे भांडी डागणारा, म्हणू नकोस, तो शब्द आता शिवीसारखा लागतो. त्यांच्याशी स्वतः बोल आणि मगच काय ते मत बनव.