बस जळाली तरी पुढची बस पकडणारी पोरं

१९६१ साली अमेरिकेच्या दक्षिणेत काळे-गोरे शेजारी बसून लांब पल्ल्याच्या बसने निघालेल्या ‘फ्रीडम रायडर्स’वर या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतो.

या मुलांना तयार करणारा माणूस आमच्या नागपुरात राहून गेला होता म्हणे. खरं की गावगप्पा? – एक निवृत्त शिक्षक, नागपूर

खरं आहे. जेम्स लॉसन त्यांचं नाव. कोरियाच्या युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त तुरुंगात राहिले. सुटल्यावर, १९५३ मध्ये, मेथडिस्ट मिशनतर्फे हिस्लॉप कॉलेजात आले आणि मुलांना खेळ शिकवू लागले. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या नागरिकांनी बसवर बहिष्कार टाकला, ती बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. पुढच्याच वर्षी ते परतले. मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली, तेव्हा किंग म्हणाले, थांबू नका, दक्षिणेत या. लॉसन टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेले.

तिथे त्यांनी चर्चमध्ये कॉलेजच्या मुलांसाठी वर्ग सुरू केले. वर्ग म्हणजे व्याख्यानं नव्हेत. काही मुलं गोऱ्या गुंडांची भूमिका करत. खुर्चीवर बसलेल्याला घाणेरड्या शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खेचून खाली पाडत. पडलेल्याने डोकं कसं वाचवायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, मित्राला मार बसत असेल तर हात न उगारता मध्ये आपलं अंग कसं घालायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जाई. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या दुकानांच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली, तेव्हा त्यांच्याजवळ नियमांचा कागद होता : उलटून मारू नका, शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा. १० मे १९६० ला नॅशव्हिलच्या सहा दुकानांनी काळ्या गिऱ्हाइकांना वाढायला सुरुवात केली. लॉसन यांना मात्र ते शिकत असलेल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्चमध्येच काढून टाकलं होतं.

नागपूरकरांनी अभिमान जरूर बाळगावा, पण बेताने. गांधीविचार त्यांनी इथे येण्याआधीच कॉलेजात वाचला होता. इथे तो जवळून पाहिला.

एवढं धाडस आलं कुठून? बस जाळल्यावर कुणीही घरी गेलं असतं. – बी.ए.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

घरी जायचा निर्णय झालाही होता. पहिली तुकडी १३ जणांची. ४ मे १९६१ ला ती वॉशिंग्टनहून निघाली. आंतरराज्य प्रवासात बसस्थानकावरचा वर्णभेद बेकायदा आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाच महिन्यांपूर्वीच आला होता. तो पाळला जातो का, एवढंच पाहायचं होतं. १४ मे ला अलाबामात ॲनिस्टनजवळ जमावाने बस पेटवली, आतल्यांना बाहेर पडता येऊ नये म्हणून दारंही अडवून धरली. त्याच दिवशी दुसऱ्या बसमधल्यांना बर्मिंगहॅममध्ये झोडपलं. संयोजकांनी प्रवास थांबवला.

नॅशव्हिलमध्ये लॉसन यांच्या वर्गात शिकलेल्या २३ वर्षांच्या डायान नॅशने उलटा हिशेब मांडला. आज थांबलो तर उद्या प्रत्येक शेरीफला (तिथल्या पोलीस प्रमुखाला) कळेल, की पुरेशी मारहाण केली की चळवळ थांबते. केनेडी सरकारचे जॉन सायगेनथॅलर फोनवर तिला परोपरीने समजावत होते, मुलं मरतील. तिने सांगितलं, सगळ्यांनी काल रात्रीच मृत्युपत्रं केली आहेत.

नवी तुकडी बर्मिंगहॅमला पोचली आणि थेट कोठडीत गेली. पोलीस आयुक्त बुल कॉनरने मध्यरात्री त्यांना गाड्यांत घालून टेनेसीच्या हद्दीवर नेऊन अंधारात उतरवलं. काळ्यांवर हल्ले करणाऱ्या ‘कू क्लक्स क्लॅन’ या गोऱ्यांच्या संघटनेचा मुलूख, खिशात फोन असण्याचा काळ नाही. रुळांच्या कडेने चालत मुलांनी एका काळ्या कुटुंबाचं दार ठोठावलं. म्हातारा बिचकला, आतून त्याच्या बायकोने सांगितलं, घे त्यांना आत. सकाळी तो खायला आणायला बाहेर पडला, पण सगळं एकाच दुकानातून घेतलं नाही. एवढ्या माणसांचं खाणं एकदम घेतलं तर शंका यायची. मुलांनी नॅशला फोन केला, तिने गाडी पाठवली आणि मंडळी परत बर्मिंगहॅमलाच गेली. २० मे ला माँटगोमेरीच्या स्थानकावर तुकडीतल्या २१ वर्षांच्या जॉन लुईसच्या डोक्यात लाकडी खोकं घातलं गेलं. समजूत घालणारे सायगेनथॅलरही त्याच जमावाच्या हातून बेशुद्ध होईस्तोवर मार खाऊन बसले.

तुम्ही धाडस कुठून आलं ते विचारलंत. माझं मत असं, की मनातल्या धाडसावर या मुलांनी फारशी भिस्त ठेवलीच नाही. सराव होता, फोनच्या दुसऱ्या टोकाला जागं माणूस होतं आणि एक तुकडी पडली तर दुसरी तयार होती. त्या उन्हाळ्यात मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये ३०० हून जास्त जणांना अटक झाली, पुष्कळजण पार्चमनच्या तुरुंगात गेले. तिथे गाणी थांबेनात म्हणून गाद्या काढून घेतल्या, तरी थांबली नाहीत. १ नोव्हेंबर १९६१ पासून स्थानकांवरच्या ‘गोरे’ आणि ‘काळे’ या पाट्या उतरवण्याचा नियम लागू झाला.

मुलांच्या शिक्षणाचं काय झालं? आईबाप काय म्हणाले? – एक पालक, डोंबिवली

आईबाप तेच म्हणाले जे तुम्ही-आम्ही म्हटलं असतं. शिकायला पाठवलंय, त्यातून बाहेर पड, असं लुईसच्या आईने पहिल्या अटकेनंतर लेकाला कळवलं. तो शेतकऱ्याचा मुलगा, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. टेनेसी स्टेट विद्यापीठाने बसप्रवासात गेलेल्या १४ विद्यार्थ्यांना सरळ काढून टाकलं. त्याच विद्यापीठाने २००८ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिल्या. ४७ वर्षांनी!

१९६४ मध्ये मिसिसिपीत तिघा तरुणांचा खून झाला. त्यांनी काळजी घेतली नव्हती का? – पुणे

घेतली होती, आणि म्हणूनच हे प्रकरण जास्त बोचतं. त्या उन्हाळ्यात काळ्यांच्या मतदार नोंदणीसाठी शेकडो विद्यार्थी, बहुतेक उत्तरेकडचे गोरे, मिसिसिपीत जाणार होते. ओहायोत त्यांचं प्रशिक्षण झालं. सूचना अगदी बारीक होत्या : रात्री गाडीचं दार उघडताना आतला दिवा लागू नये म्हणून बल्ब काढून ठेवा, पाठीमागे उजेड असेल तर दारात उभे राहू नका, निघताना आणि पोचल्यावर फोन करा.

२१ जून १९६४ ला जेम्स चेनी (२१), अँड्र्यू गुडमन (२०) आणि मायकेल श्वर्नर (२४) मेरिडियनहून जाळलेलं एक चर्च पाहायला गेले. दुपारी चारपर्यंत परतायचं ठरलं होतं. चार वाजून गेले तसे चळवळीच्या कार्यालयातून एकेका तुरुंगात फोन सुरू झाले. तिघं मिसिसिपीतल्याच फिलाडेल्फिया गावच्या कोठडीतच होते, पण तिथून उत्तर आलं, इथे नाहीत. रात्री त्यांना सोडलं ते थेट क्लॅनच्या हातात. यात उपशेरीफ सामील होता. ४ ऑगस्टला मातीच्या बंधाऱ्याखाली मृतदेह सापडले. ज्या पोलिसांकडे मदत मागायची तेच कटात असतील, तर फोनची साखळी तिथे तुटते.

शोध चालू असताना नदीत हेन्री डी आणि चार्ल्स मूर या दोन काळ्या तरुणांचे मृतदेह मिळाले. देशभरातल्या कॅमेऱ्यांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही. बेपत्ता तिघांत दोन गोरे नसते तर एवढा गाजावाजा झालाच नसता, हे श्वर्नरची पत्नी रीटा तेव्हाच पत्रकारांना तोंडावर म्हणाली होती. खटल्यात १९६७ मध्ये सात जण दोषी ठरले, पण कुणीही सहा वर्षांहून जास्त काळ आत राहिलं नाही. मुख्य सूत्रधार एडगर रे किलनला शिक्षा झाली ती २००५ मध्ये.

मग आपल्या दलित पँथरने लॉसन सोडून ब्लॅक पँथरचं नाव का उचललं? – औरंगाबाद

१९७२ ची मुंबई लक्षात घ्या. कायदे होते, मतदानाचा हक्क होता, तरी गावोगावचे अत्याचार थांबत नव्हते. ओकलंडमध्ये १९६६ साली स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणारा काळ्यांचा ब्लॅक पँथर पक्ष निघाला तोही नागरी हक्कांचे मोठे कायदे झाल्यावरच. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीला तो संताप ओळखीचा वाटला, यात नवल काही नाही. शिवाय अमेरिकेतली अहिंसाही पाठ्यपुस्तकातल्याइतकी नितळ नव्हती. मिसिसिपीत ही मुलं ज्या काळ्या शेतकऱ्यांकडे उतरत, त्यांतले बरेचजण रात्री बंदूक हाताशी ठेवून जागत.

डायान नॅशचं पुढे काय झालं? – अनेक वाचक

जॅक्सनमध्ये अल्पवयीन मुलांना अहिंसेचं प्रशिक्षण दिलं म्हणून ‘मुलांना बिघडवल्या’चा गुन्हा लागला, दोन वर्षांची शिक्षा झाली. १९६२ मध्ये गरोदर असताना ती अपील सोडून तुरुंगात जायला कोर्टात हजर झाली. मूल तुरुंगात जन्मलं तरी चालेल, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. कोर्टात ती गोऱ्यांच्या बाकावर बसली, उठायला सांगितलं तरी उठली नाही. त्याबद्दल १० दिवसांची कैद झाली, ती तिने भोगली. दोन वर्षांची मूळ शिक्षा मात्र तिला भोगायला लावायची हिंमत मिसिसिपीने केली नाही.