आयुष्यभर कलमा बांधल्या, आता त्यांच्यासोबत कागद पाठवतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय साठीला टेकलं, जन्मभर एकच काम केलं, ते लिहून दुसऱ्यांना शिकवावंसं वाटतं, पण या वयात लिहायला घेतलं तर वाचणार कोण, आणि त्यात खरंच आनंद मिळतो का?

आनंद मिळतो. वाचणाऱ्यांचं मात्र सांगता येत नाही. मला ते आयते मिळाले, कारण माझं लिखाण संत्र्याच्या कलमांसोबत गाडीत चढून जातं.

मी वरुड तालुक्यातला, शेंदूरजनाघाटच्या बाजूचा. आमच्या भागात नर्सरीचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा. पोरगं दहावीला बसायच्या आधी डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, बांधायला शिकतं. जंबेरीचं, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या आंबट फळाचं, बी टाकायचं, त्या रोपाचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला चिरा द्यायचा, चांगल्या संत्र्याच्या झाडावरचा डोळा काढून त्यात सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. दिवाळीनंतर एकदा वाफ्यात बसलं की उठणं संध्याकाळी. साठी उलटल्यावर माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. पोरगा म्हणाला, "बाबा, तुमी आता गिऱ्हाइकाकडं पाहा." म्हणजे खुर्चीवर बसा आणि फोन घ्या.

फोनवर एक तक्रार नेहमीची: तुमचं कलम जंबेरी निघालं. तीन-चार वर्षं झाड सांभाळायचं आणि फळ यायचं जाड सालीचं, खडबडीत, तोंड वाकडं करणारं आंबट. माणूस चिडणारच. पण बहुतेक वेळा कलम खरं असतं. डोळ्याच्या खालून, खुंटातून फूट निघते, ती जोमदार दिसते म्हणून शेतकरी कौतुकानं वाढू देतो, आणि ती वरच्या संत्र्याला दाबून टाकते. ओळखायला सोपं आहे. त्या फुटीचं पान चुरडून नाकाशी धरा, वास लिंबाच्या अंगानं जातो. कोवळी फूट जांभळट असते, फुलाच्या पाकळीवरही तशी झाक असते. संत्र्याचं फूल पांढरंशुभ्र. हे मी फोनवर सांगून सांगून थकलो. समोरचा 'हो जी, हो जी' म्हणतो आणि शेतात पोचेपर्यंत अर्धं विसरतो. म्हणून एकदा वहीत लिहिलं, चौकातून झेरॉक्स आणल्या आणि बिलासोबत द्यायला लागलो.

एवढीच सुरुवात. लेखक व्हायचं मनात नव्हतं, आजही नाही.

खरी गंमत दुसऱ्या कागदाच्या वेळी आली. विषय होता बोर्डोमलम, म्हणजे डिंक्या, खोडातून डिंक गळायचा रोग, येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला लावतात तो. माझी सून दारव्ह्याकडची, माहेरी सगळा कापूस. संत्र्याचं झाड तिनं लग्नानंतरच जवळून पाहिलं. मी लिहिलं होतं, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना बेतानं घ्यावा, चांगला मिसळावा, खोडाला लावावा. तिनं वाचलं आणि विचारलं, "मामाजी, बेतानं म्हंजे किती? अन् चांगलं मिसळलं हे समजन कसं?"

मला राग आला. इतकी वर्षं करतो आहे, त्यात न समजण्यासारखं काय आहे! पण सांगायला गेलो तर मलाच नीट सांगता येईना. हाताच्या सवयीनं होणारं काम होतं ते. शेवटी अंगणात तिच्यासमोर मलम करायला बसलो. एक किलो मोरचूद फोडून प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवला. दुसऱ्या बादलीत एक किलो कळीचा चुना विझवला, तोही पाच लिटर पाण्यात, आणि पार थंड होऊ दिला. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत काडीनं ढवळलं. लोखंडी बादली चालत नाही, मोरचूद ती खातो. आकाशी रंगाचं दाटसर मलम झालं. मग मी सवयीनं घासलेला विळा त्यात बुडवला, थोडा वेळ धरून बाहेर काढला आणि पात्याकडे पाहिलं.

ती म्हणाली, "हे त तुमी लिहिलंच नाही!"

नव्हतं लिहिलं. पात्यावर तांबूस थर दिसला तर मलमात मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना घालायचा. नाहीतर साल भाजते. पातं स्वच्छ राहिलं की मलम तयार, आणि ते त्याच दिवशी संपवायचं. कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि ती माझ्या लक्षात 'गोष्ट' म्हणून नव्हतीच. बापाला करताना पाहिलं होतं, मीही करत होतो. विळा का बुडवायचा, हे कोणी विचारलं नव्हतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी कागद पुन्हा लिहिला तेव्हा जे वाटलं, त्याला तुम्ही आनंद म्हणत असाल तर तो मला मिळाला. पहिल्या पगाराच्या वेळी असंच काहीसं वाटतं म्हणतात. मी कधी पगार घेतला नाही, त्यामुळे ठाऊक नाही.

तेव्हापासून सून माझी तपासनीस. 'अंदाजानं', 'बेताचं', 'पाहून' हे शब्द तिला दिसले की त्याखाली लाल रेघ. लिहायची रीत मात्र मी गाडगेबाबांकडून उचलली. बाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेणगावचे. कीर्तनात ते आधी समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्या तोंडून काढत. माझा कागदही प्रश्नानं सुरू होतो. 'खड्ड्यात कलम ठेवल्यावर डोळ्याची गाठ कुठे आहे? मातीच्या वर की खाली?' शेतकरी तिथंच वाकून पाहतो. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच; पण नव्या बागेत डिंक्या शिरतो तो कितीदा तरी एवढ्याशा कारणानं, की लावताना गाठ मातीत गाडली गेली आणि पाणी खोडाशी साचत राहिलं.

तुम्ही म्हणाल, ही माहिती छापील मिळत नाही का? मिळते. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. शास्त्र त्यांचं, प्रमाणं मी त्यांचीच पाळतो. माझा कागद फक्त बांधावर उभ्या माणसाच्या हातात, ऐन वेळेला पडतो. मला वाटतं साठीनंतर लिहिणाऱ्यानं एवढी जागा धरली तरी पुष्कळ. नवं शोधून काढायचा हट्ट कशाला?

आता कुरकुरीचंही सांगतो. शेजारच्या नर्सरीवाल्यानं तोंडावर विचारलं, "भाऊ, सारंच लिहून देलं त उद्या आपल्याले कोन इचारीन?" त्याची काळजी फुकाची आहे. डोळा बांधणं कागदावरून येत नाही. चाकूचं पातं किती तिरपं धरायचं, साल सुटते आहे की फाटते आहे, हे शेजारी बसून, बोटं कापून घेऊनच येतं. मी तो कागद लिहून पाहिला आणि फाडून टाकला. लिहून काय शिकवता येत नाही हे कळायलाही लिहावंच लागतं.

पोराची कुरकुर मात्र खरी होती. मी एका कागदात लिहिलं, 'जमीन चिबड असेल, पावसाळ्यात पाणी साचून राहत असेल, तर संत्रा लावू नका, आमच्याकडूनही कलमा घेऊ नका.' तो म्हणाला, "बाबा, अशानं गिऱ्हाईक पयून जाइन." काही गेलंही. पस्तिशीत मी हे वाक्य लिहिलं नसतं. डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, पोरींची लग्नं व्हायची होती. आता लिहू शकतो. या वयात लिहिण्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच, की विकायची घाई नाही. त्यामुळे खरं तेवढंच सांगता येतं. लोकांनाही ते समजतं बरं का.

बाकी नावलौकिकाचं विचाराल तर माझ्या कागदात बाजारातल्या बाईनं मला मिरच्या बांधून दिल्या आहेत. घरी येऊन मी तो सरळ केला, वाचला आणि एक चूक सापडली ती दुरुस्त केली. उलट कारंजा लाडकडच्या एका ताईंचा फोन आला. नवरा गेला, बाग त्याच पाहतात. त्यांनी विचारलं, "काका, खोडाला किती उंच लावू ते तुमी लिहिलं, तीन फूट. पण माझ्या झाडाची फांदीच दोन फुटांवर फुटते, तिथं काय करू?" मी म्हटलं, फांदीच्या बेचक्यातही लावा, पाणी तिथंच थांबतं. फोन ठेवला आणि सुनेला हाक मारली, वही आण म्हणून. 'वा, छान लिहिता' म्हणणारे पुष्कळ, त्यांचं बरं वाटतं आणि रात्रीपर्यंत विरूनही जातं. असा प्रश्न आला की मी आठवडाभर मजेत असतो, कारण त्या बाईनं कागद वाचून नंतर झाडही पाहिलेलं असतं.

तुम्ही कोणतं काम केलं ते प्रश्नात लिहिलेलं नाही. शिवणकाम असो, पंपाची मोटर भरणं असो की तलाठ्याचं दप्तर, सगळं एकदम लिहायला बसू नका. ज्या एका गोष्टीसाठी लोक तुम्हाला वारंवार विचारतात तेवढी घ्या, एका पानात बसवा आणि ज्याला त्या कामाचा गंध नाही अशा घरातल्या माणसाला वाचायला द्या. एक ओळ सोडून लिहा, मधल्या ओळी त्याच्या प्रश्नांसाठी. झेरॉक्स लगेच काढू नका. पहिल्या खेपेला त्या मोकळ्या ओळी भरतातच.