मालदीवच्या पॅकेजात काय धरलेलं नसतं?

प्रश्न: मालदीवमधल्या रिसॉर्टचं ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज घेतोय. विमान संध्याकाळी पाचला मालेला उतरतं. वरखर्च कशाकशाचा येईल?

उत्तर: जेवणाखाण्याचं नंतर बघू, आधी विमानाची वेळ बदला. मालेहून लांबच्या रिसॉर्टवर सी-प्लेननं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं जावं लागतं, आणि ते फक्त दिवसाउजेडी उडतं. पाचला उतरून इमिग्रेशन आणि सामान हाती येईपर्यंत शेवटचं उड्डाण बहुधा गेलेलं असतं. मग रात्र मालेत, स्वतःच्या खर्चानं. आणि रिसॉर्टची पैसे भरलेली पहिली रात्र वाया. दुपारी साडेतीनच्या आत उतरा, नाहीतर स्पीडबोटीनं गाठता येणारं बेट निवडा. सी-प्लेनचं किंवा बोटीचं भाडं पुष्कळ पॅकेजांत नसतं, लेखी विचारून घ्या. सी-प्लेनमध्ये सामान साधारण 20 किलो आणि हातात 5 किलो चालतं. जादा वजनाचे पैसे पडतात.

दरापुढे ‘++’ असेल तर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यासकट रकमेवर 17 टक्के कर: 100 डॉलरचे 128.70. ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यावरण कर, निराळा, रिसॉर्टमध्ये माणशी दररोज 12 डॉलर. मिनीबार, स्कूबा यांचं प्रत्येक रिसॉर्टचं गणित वेगळं. दारू मात्र सोबत नेऊ नका, विमानतळावरच काढून ठेवतात.