आधी वाचून दाखव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

नोटीस लावली, व्हॉट्सॲपवर कामगारांच्या विम्याचा फॉर्म टाकला, तरी १४० पैकी ३१ च फॉर्म आले म्हणून तू हवालदिल झालीस. उरलेले १०९ जण आळशी नाहीत. फॉर्म त्यांनी वाचायचा नसतो, तू वाचून दाखवायचा असतो. समोर बसवून, मोठ्यानं. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं तेव्हा पैसे किती, धान्य किती, सगळं तोंडानं बोललं जातं. विम्याचा कागद मात्र आपण पंचिंग मशीनजवळ चिकटवून मोकळे होतो!

कंपनीच्या गटविम्याची पॉलिसी १ जूनला नवी होते म्हणून मेची वाट पाहू नको. तोवर कापसाच्या जिनिंगचा सीझन आटोपतो, लग्नसराई असते, ४५ अंशांच्या उन्हात फॉर्म भरायला गावाहून कोण येतं? मार्चमध्येच बैस. माणशी १२ मिनिटं, १४० जणांचे २८ तास. पाळी बदलताना रोज चार तास दिलेस तर सात दिवस. आठवडी बाजार आणि पगाराचा दिवस सोड. मॅनेजर म्हणेल, सात दिवस वाया गेले. म्हणू दे.

बसण्याआधी यादीचे दोन गठ्ठे कर. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेले ईएसआयत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, वरचे गटविम्यात. ही मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरू नको. पगारवाढ १ एप्रिलपासून लागू होऊन कोणी २१,००० ओलांडली, तर तो एप्रिलपासूनच ईएसआयबाहेर. वाढ मेपासून असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत आतच. असा एखादा दोन्ही गठ्ठ्यांतून निसटतो आणि ते कळतं दवाखान्याच्या खिडकीवर.

माणूस समोर बसला की त्याचं आधार हातात घे आणि यादीतली त्याची मागच्या वर्षीची ओळ वाच. "मांगच्या वर्षीचंच टाका ना जी," असं बहुतेक जण म्हणतील. टाकू नको, वाच. बायकोचं आधारवर माहेरचं नाव, यादीत सासरचं. कॅशलेस, म्हणजे दवाखान्यात पैसे न भरता होणारा उपचार, इथेच अडतं. म्हाताऱ्या आईबापांची जन्मतारीख पुष्कळदा १ जानेवारी दिसेल, कारण वय अंदाजानं सांगितलेलं असतं. आधारवर जी आहे तीच लिही, आपल्या हिशेबानं सुधारू नको. आणि बारशासाठी थांबू नको. बहुतेक गटविम्यांत नवं बाळ चढवायला ३० दिवसच मिळतात. आईच्या नावानं ‘बेबी ऑफ’ लिहून पाठव, नाव मागून बदलता येतं.

आईबापांच्या विम्याचा हप्ता वर्षाचा सांगू नको. १४,४०० म्हटलं की माणूस मान डोलावतो नि विसरतो. "दर महिन्याला पगारातून १,२०० कटतील" म्हण आणि त्या आकड्यासमोरच सही घे. दवाखान्याचं खोलीभाडं तर बोटं मोजून समजाव: मर्यादा रोज ३,००० ची आणि घेतली ६,००० ची खोली, तर वरचे ३,००० जातातच, शिवाय डॉक्टरची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा विमा कंपनी कापू शकते. हे ओळीत लिहिलेलं कोणी वाचत नाही. वाचून दाखव.

पीएफचं नॉमिनेशन, म्हणजे मागे पैसे कोणाला द्यायचे ते नाव, त्याच बैठकीत उरक. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झाल्यावर रद्द ठरतं आणि भाऊ पीएफच्या ‘कुटुंबात’ बसत नाही. नवं लग्न झालेल्या पोरांच्या फॉर्मवर अजून भावाचंच नाव असतं. बँकेच्या दोन योजनाही विचार. जीवन ज्योती या आयुर्विम्याचे ४३६ आणि सुरक्षा या अपघात विम्याचे २० रुपये मेअखेर खात्यातून जातात, म्हणून तिथे ४५६ रुपये असू देत. जीवन ज्योती तुटली आणि नव्यानं घेतली, तर पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला काही मिळत नाही.

मी या बाबतीत चिडका आहे, ठाऊक आहे मला. फॉर्म वेळेत गोळा झाले एवढ्यावर खूश राहिलेली वर्षं माझ्याही खात्यावर आहेत. माणसं कमी होती, वेळ नव्हता, वरून घाई होती, हे सगळं खरं आहे. पण एका माणसाला १२ मिनिटंच लागतात, हेही तेव्हा तितकंच खरं होतं.

यादी पाठवताना जन्मतारखेचा रकाना एक्सेलमध्ये टेक्स्ट करून ठेव, नाहीतर ०५/०६ चं ०६/०५ होतं. आणि पाठवण्याआधीच्या संध्याकाळी गेटवर उभी राहून ज्यांच्या ओळीत बदल झालाय, तेवढ्या ओळी पुन्हा एकदा वाच.

तुझा,
काका